वजनाचा काटा हलण्याआधी

अमडापूर (ता. चिखली, जि. बुलडाणा) : डॉक्टरांनी 'वजन कमी करा' असे सांगितले की माणूस दोन गोष्टी करतो. पहाटे उठून चालायला लागतो आणि वजनकाटा शोधतो. पहिले पंधरा दिवस उत्साहाचे असतात. महिन्याने काटा पुन्हा जवळपास तोच आकडा दाखवतो. मग एक दिवस पाऊस पडतो, एक दिवस पाहुणे येतात आणि चालणे थांबते ते थांबतेच. 'आपल्याच्याने हे होणार नाही' अशी खूणगाठ मनाशी बांधली जाते, मन खट्टू होते आणि खट्टू मनाला शेव-फरसाणाची पुडी फार जवळची वाटते.

या चक्रातला दोष बहुतेक वेळा प्रयत्नांत नसतो, मोजमापात असतो. आहार बदलला आणि हालचाल वाढवली की रक्तातील चरबी आणि मनाची उभारी या दोन्ही गोष्टी वजनाच्या आधी बदलू लागतात. कित्येकदा तर वजन फारसे न घटताही बदलतात. गेल्या पंचवीस वर्षांतील वैद्यकीय संशोधनात याचे भक्कम पुरावे आहेत. पण घराघरांतील वजनकाट्यापर्यंत ते पोहोचलेले नाहीत.

स्थूलता हा शहरी सुखवस्तूंचा आजार, अशी समजूत अजूनही आहे. प्रमाण शहरांत अधिक आहे हे खरेच. पण चिखलीहून खामगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरील अमडापूरसारख्या गावातही जगण्याची रीत बदलली आहे. एके काळी शेत गाठायचे तर पायी, बाजार गाठायचा तर पायी किंवा बैलगाडीने. दळण, पाणी, सरपण यांत अर्धा दिवस जात असे. मोटारसायकल, ट्रॅक्टर, मळणीयंत्र, नळ आणि गॅस आले. कष्ट कमी झाले ही चांगलीच गोष्ट झाली. ताट मात्र कष्टाच्या काळातलेच राहिले आणि त्यात नवे पदार्थ येऊन बसले. शहरातील आहारतज्ज्ञांचे सल्ले ॲव्होकाडो, ऑलिव्ह तेल आणि जिमच्या भाषेत येतात. तोच सल्ला अमडापूरच्या चुलीपाशी आणि तेथील बल्लाळदेवीच्या टेकडीच्या चढणीवर नेऊन पाहिला, तर त्यातले आवश्यक किती आणि दिखाऊ किती, हे लवकर कळते. पुण्या-मुंबईतल्या ज्यांच्या घरी अजून भाकरी भाजली जाते, त्यांनाही तो हिशेब लागू पडतो.

बारीक अंगातील चरबी

चिखली, खामगाव वा बुलडाण्याच्या लॅबमधून 'लिपिड प्रोफाइल'चा जो कागद हाती येतो, त्यावर बरेच आकडे असतात. त्यांपैकी तीन लक्षात ठेवावेत. एलडीएल हा कोलेस्टेरॉल रक्तवाहिन्यांच्या भिंतींत साचतो. हृदयविकाराशी त्याचा थेट संबंध आहे. एचडीएल पुरेसा असणे हे साधारणतः चांगले लक्षण मानतात. तिसरा आकडा ट्रायग्लिसराइडचा. तो साखर, मैदा, जादा भात-पोळी आणि दारू यांनी वाढतो आणि चालण्याने झपाट्याने उतरतो.

भारतीयांच्या रक्ताचा एक स्वतंत्र स्वभाव आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' या पाहणीत देशातील १ लाख १३ हजार ४३ प्रौढांची तपासणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार ३९.५ टक्के लोकांमध्ये पोटाची स्थूलता आढळली. चरबीच्या कोणत्या ना कोणत्या आकड्यात बिघाड असलेले तब्बल ८१.२ टक्के होते. एलडीएल वाढलेल्यांचे प्रमाण २०.९ टक्के, तर एचडीएल कमी असलेल्यांचे ६६.९ टक्के भरले. म्हणजे 'कोलेस्टेरॉल वाढले' एवढ्या एका वाक्यात आपल्याकडचा प्रश्न मावत नाही. एचडीएल कमी, ट्रायग्लिसराइड जास्त आणि पोट पुढे, ही जोडी इथे अधिक दिसते.

याचे सर्वांत बोलके चित्र पुण्यातून आले. केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आले. दोघांचाही शरीरभार निर्देशांक, म्हणजे बीएमआय, अगदी सारखा २२.३ होता. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाली. काट्यावर सारखेच भरणारे दोन देह आतून इतके निराळे असू शकतात. म्हणूनच भारतीय प्रौढांसाठी बीएमआय २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ पासून स्थूलता मानली जाते. पाश्चात्त्य देशांत स्थूलतेची रेषा ३० वर आहे. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असे सांगितले जाते. शिंप्याकडची टेप या कामी वजनकाट्यापेक्षा उपयोगाची आहे.

काटा स्थिर, रक्त वेगळे

वजन न घटता रक्तातील चरबी घटू शकते का, या प्रश्नाचे एक उत्तर कॅनडातील टोरांटो विद्यापीठातून मिळाले. डेव्हिड जेन्किन्स आणि सहकाऱ्यांनी कोलेस्टेरॉल वाढलेल्या ४६ जणांचे तीन गट केले. पहिल्या गटाला कमी स्निग्धांशाचा साधा आहार, दुसऱ्याला तोच आहार आणि सोबत स्टॅटिनची गोळी, तर तिसऱ्याला कोलेस्टेरॉल उतरवणारे पदार्थ एकत्र गुंफलेला आहार देण्यात आला. महिन्याभरात एलडीएल पहिल्या गटात ८ टक्के, गोळीच्या गटात ३०.९ टक्के आणि तिसऱ्या गटात २८.६ टक्के उतरला. वजनात विशेष फरक पडला नव्हता. हे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्या तिसऱ्या ताटात होते काय? इसबगोल, सातू आणि ओट, भेंडी आणि वांगी, सोयाबीनचे पदार्थ, बदाम, आणि वनस्पतिज स्टेरॉल असलेले एक विशेष मार्जरीन. शेवटचे सोडले तर यादी परकी वाटू नये. भेंडी आणि वांगी आठवडी बाजारात ढिगाने मिळतात. इसबगोल किराणा दुकानात मिळतो. आणि सोयाबीन तर बुलडाणा जिल्ह्यातील खरिपाचे प्रमुख पीक आहे. फक्त ते शेतातून बाजार समितीत आणि तेथून तेलगिरणीत जाते, घरच्या पातेल्यात क्वचितच उतरते.

अर्थात प्रयोगशाळेतले ताट आणि घरचे ताट यांत अंतर असते. याच गटाने पुढे ३४५ जणांना अन्न पुरवण्याऐवजी केवळ सल्ला दिला, तेव्हा सहा महिन्यांत एलडीएलमधील घट सुमारे १३ टक्क्यांवर आली. तरीही ही घट नुसत्या 'तेलकट कमी खा' या सल्ल्याने मिळालेल्या ३ टक्क्यांच्या चौपटीहून अधिक होती.

यामागचे कारण समजण्यासारखे आहे. भेंडीचा चिकटपणा, इसबगोलाचा बुळबुळीतपणा म्हणजे पाण्यात विरघळणारा चोथा. तो आतड्यात पित्ताला धरून ठेवतो आणि शौचावाटे बाहेर नेतो. नवे पित्त तयार करण्यासाठी यकृताला कोलेस्टेरॉल लागते. ते यकृत रक्तातून ओढून घेते. रक्तातील एलडीएल उतरतो. या व्यवहारात वजनकाट्याला कुठेच काम नाही.

व्यायामाची गोष्ट याच अंगाने जाते. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बैठे काम करणाऱ्या, वजन आणि चरबी दोन्ही वाढलेल्या स्त्री-पुरुषांना सुमारे आठ महिने व्यायाम करायला लावला. मेख अशी की, त्यांना वजन घटू द्यायचे नाही, असे बजावले होते. एका गटाने आठवड्याला सुमारे ३२ किलोमीटर इतके धावणे केले, दुसऱ्याने १९ किलोमीटर धावणे, तिसऱ्याने १९ किलोमीटर झपझप चालणे. वजन जवळपास तेवढेच राहूनही जास्त व्यायाम करणाऱ्यांत ट्रायग्लिसराइड उतरले, एचडीएल वाढला आणि एलडीएलचे घातक मानले जाणारे बारीक कण कमी झाले. एलडीएलचा एकूण आकडा मात्र फारसा हलला नाही. तो हलवायचा तर ताटाकडे पाहावे लागते. चालणाऱ्यांचा लाभ सर्वाधिक अंतर धावणाऱ्यांपेक्षा कमी होता, तरी घरी बसलेल्यांपेक्षा निश्चितच बरा होता. बसलेल्यांचे आकडे त्या काळात आणखी बिघडले. वेगापेक्षा एकूण किती अंतर कापले, याला महत्त्व आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. आठवड्याला १९ किलोमीटर म्हणजे दिवसाला पावणेतीन किलोमीटर.

भाकरीच्या ताटात काय बदलले

वऱ्हाडातले जुने ताट ज्वारीची भाकर, तुरीच्या डाळीचे वरण, आंबाडीसारखी पालेभाजी, जवसाची चटणी, कांदा आणि ताक असे होते. त्याचे गुणगान करताना जपून राहायला हवे, कारण त्या ताटावर जगणारी बरीच माणसे अर्धपोटी होती. पण चरबीच्या दृष्टीने त्यात फारसे चुकीचे नव्हते. हैदराबादच्या 'इक्रिसॅट' संस्थेने २०२१ मध्ये ज्वारी, बाजरी, नाचणी आदी भरडधान्यांवरील अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा एकूण कोलेस्टेरॉलमध्ये सुमारे ८ टक्के घट दिसली. हे अभ्यास संख्येने थोडे आणि छोटे होते, हे खरे. तरी भाकरीला ताटातून हाकलण्याचे कारण त्यांत सापडत नाही. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक वाटा ओमेगा-३ गटातील मेदाम्लाचा असतो. जवस अख्खा गिळला तर तसाच बाहेर पडतो. भाजून कुटला की पचतो. चटणी करणाऱ्या आजीबाईंनी हे काम आधीच केलेले होते.

बदलले ते तेल आणि धान्य. सोयाबीन जसजसे पसरले तसतशी ज्वारी मागे सरली आणि ताटात गव्हाची पोळी व भात यांचा वाटा वाढला. करडई, जवस यांच्या घाण्याच्या तेलाची जागा पिशवीतल्या तेलाने घेतली. करडईच्या तेलात संपृक्त मेद दहा टक्क्यांहून कमी, पामतेलात जवळपास निम्मे. आणि एलडीएल वाढवण्यात संपृक्त मेदाचा हात मोठा. २०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारने शिधापत्रिकाधारकांना शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' दिला, तेव्हा त्या पिशवीत रवा, चणाडाळ, साखर आणि एक लिटर पामतेल होते. सण साजरा व्हावा हा हेतू चांगलाच होता. पण चार जिनसांपैकी फक्त चणाडाळीला हृदयरोगतज्ज्ञांनी मान डोलावली असती.

तेल किती, हा प्रश्न 'कमी' या उत्तराने सुटत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या नमुना ताटात दिवसाला माणशी २७ ग्रॅम तेल-तूप धरले आहे. धान्य २५० ग्रॅम, डाळी ८५ ग्रॅम आणि भाज्या ४०० ग्रॅम. चौघांच्या घराला या हिशेबाने महिन्याला सव्वातीन किलो तेल-तूप पुरते. घरात पाच किलोचा डबा महिना काढत नसेल, तर लॅबचा कागद पाहण्याआधीच अंदाज बांधता येतो. वांग्याचे भरीत हे चांगले उदाहरण आहे. वांगे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या भाज्यांत बसते. पण त्यावरची फोडणी वाटीभर तेलाची असेल तर वांग्याचा गुण तेलातच बुडतो. रोडग्यांचे तसेच. वर्षातून चार पंगती झाल्या तर बिघडत नाही. लग्नसराई, वाढदिवस आणि ढाबा यांमुळे पंगत दर आठवड्याला येऊ लागली की बिघडते. उपवासाची साबुदाणा खिचडी तर स्टार्च, तेल आणि दाण्याचा कूट यांची गोळाबेरीज आहे. त्या दिवशी भगर घ्यावी, तीही मोजून.

मन आणि वेगळे ताट

स्थूलता आणि उदासी यांचे नाते दुहेरी आहे. २०१० मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी दीर्घकालीन अभ्यासांचा आढावा घेतला. स्थूल व्यक्तींना पुढे नैराश्य येण्याचा धोका ५५ टक्के अधिक आणि नैराश्य असलेल्यांना पुढे स्थूलता येण्याचा धोका ५८ टक्के अधिक, असे त्यातून दिसले. कारणे अनेक आहेत. जादा चरबीमुळे शरीरात मंद दाह चालू राहतो. घोरण्यामुळे झोप तुटते. गुडघे दुखतात. आणि भरीला लोकांच्या जिभा असतात. लग्नात, बसमध्ये, शाळेत 'काय, खाते-पिते घर दिसते' असे हसत हसत बोलणाऱ्याला आपण एखाद्याची भूक आणि झोप दोन्ही बिघडवतो आहोत, याची जाणीव नसते.

अशा माणसाला कठोर पथ्य दिले तर काय होते? ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे १०६ स्थूल स्त्री-पुरुषांवर वर्षभर झालेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला पिष्टमय पदार्थ जवळपास वर्ज्य, तर दुसऱ्याला स्निग्ध पदार्थ कमी. उष्मांक दोघांना सारखेच. वर्षअखेर दोन्ही गटांचे वजन सरासरी १३.७ किलो उतरले. काट्याच्या दृष्टीने बरोबरी झाली. पहिल्या आठ आठवड्यांत दोन्ही गटांचे मनही प्रसन्न झाले होते. पुढे मात्र पिष्ट वर्ज्य केलेल्यांची मनःस्थिती पुन्हा पूर्वपदावर आली. दुसऱ्या गटाची सुधारणा वर्षभर टिकली. एलडीएलही त्याच दुसऱ्या गटात अधिक चांगला राहिला. पाव आणि पास्ता खाणाऱ्या समाजात राहून ते न खाण्याचा ताण हे यामागचे एक कारण असावे, असे संशोधकांनी सुचवले.

आता पावाच्या जागी भाकर ठेवून पाहावी. बुलडाण्याच्या घरात सगळे भाकर कुस्करून वरण ओतून घेत आहेत आणि घरातली एक सून बाजूला काकडी आणि उकडलेली अंडी घेऊन बसली आहे, हे चित्र किती दिवस टिकेल? शिवाय तो वेगळा स्वयंपाक तिलाच करायचा असतो. भाकरी तीनऐवजी दीड, वरण दुप्पट घट्ट, भाजी दोन वाट्या आणि फोडणी सर्वांसाठीच निम्मी, असा बदल केला तर ताट वेगळे करावे लागत नाही. नवऱ्याचे आणि सासऱ्यांचे एलडीएलही त्यात आपोआप आले.

खाण्याने मन सुधारते, याचा पुरावा ऑस्ट्रेलियातूनच २०१७ मध्ये आला. नैराश्य असलेल्या ६७ जणांवरील या प्रयोगात कडधान्ये, भाज्या, फळे, अख्खी धान्ये, सुकामेवा, मासे व ऑलिव्ह तेल यांवर भर देणारा आहार बारा आठवडे घेणाऱ्यांपैकी ३२.३ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले. फक्त गप्पागोष्टींचा आधार मिळालेल्यांत हे प्रमाण ८ टक्के होते. या गटाचे वजन घटलेले नव्हते, हे विशेष. प्रयोग लहान होता आणि बरेच जण औषधे किंवा समुपदेशनही घेत होते, त्यामुळे आहाराला गोळीचा पर्याय समजणे घाईचे ठरेल.

महाराष्ट्राने या विषयावर आपला स्वतःचा वादही घातला आहे. नागपूरचे दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानातून प्रेरणा घेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवावे आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावे, ही पद्धत घरोघरी नेली. २०१८ मध्ये राज्याच्या स्थूलताविरोधी मोहिमेचे सदिच्छादूत म्हणून त्यांचे नाव पुढे आले, तेव्हा 'थोडे थोडे, दर दोन तासांनी' असे सांगणारा पक्ष आणि 'दोनदाच' म्हणणारा पक्ष यांत खडाजंगी झाली. त्या गदारोळात साडेचार किलोमीटरांकडे कोणाचे लक्ष गेले नाही, हे नवलच. चीनमधील ग्वांगझू येथे १३९ स्थूल व्यक्तींवर वर्षभर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आठ तासांच्या खिडकीत जेवणाऱ्यांचे वजन ८ किलो, तर तेवढेच उष्मांक दिवसभरात केव्हाही घेणाऱ्यांचे ६.३ किलो उतरले. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकणारा नव्हता. चरबीच्या आकड्यांतही फारसे अंतर पडले नाही. दोनदा जेवण्याची शिस्त ज्याला सोपी जाते आणि मनाला मानवते, त्याने ती पाळावी. ज्याची चिडचिड होते, त्याने अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. मधुमेहाची औषधे वा इन्शुलिन घेणाऱ्यांनी मात्र जेवणाच्या वेळा डॉक्टरांना न विचारता बदलू नयेत. साखर एकदम खाली जाऊ शकते.

टेकडीची चढण

चालण्याने मनावर होणारा परिणाम आता कोणी नाकारत नाही. ड्यूक विद्यापीठातच १९९९ मध्ये नैराश्य असलेल्या पन्नाशीपुढील १५६ जणांची पाहणी झाली होती. सोळा आठवड्यांनी आठवड्यातून तीनदा व्यायाम करणारे आणि नैराश्याची गोळी घेणारे सारख्याच प्रमाणात सुधारले. गोळीचा गुण लवकर आला; व्यायामाचा गुण पुढील सहा महिन्यांत अधिक टिकला. २०२४ मध्ये 'बीएमजे'त आलेल्या २१८ प्रयोगांच्या आढाव्यात चालणे-धावणे, योग आणि वजने उचलण्याचे व्यायाम या तिन्हींचा नैराश्यावर चांगला परिणाम दिसला. आणि मोठ्या लोकसमूहांवरील अभ्यासांचा २०२२ चा आढावा असे सांगतो की, आठवड्याला अडीच तास झपझप चालण्याइतकी हालचाल करणाऱ्यांत नैराश्याचा धोका २५ टक्के, तर त्याच्या निम्मीच करणाऱ्यांत १८ टक्के कमी होता. लाभाचा मोठा वाटा पहिल्या सव्वा तासातच पदरात पडतो.

अडचण अशी की, उदास माणसाला 'चाला' म्हटल्याने तो उठत नाही. उठण्याचे बळच गेलेले असते. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत यावर एक उपाय तपासला गेला. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी तीव्र नैराश्य असलेल्यांशी सहा ते आठ बैठका घेतल्या. भर एकाच गोष्टीवर होता : मन लागण्याची वाट न पाहता रोज एक छोटे, ठरवलेले काम करायचे. अंगणात दहा मिनिटे बसणे, शेजारणीकडे जाणे, देवळापर्यंत चालत जाणे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी अशा ६४ टक्के रुग्णांचे नैराश्य ओसरले. केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते.

अमडापूरच्या टेकडीकडे या नजरेने पाहावे. पहिल्या दिवशी पायथ्यापर्यंत जाऊन परत यायचे. आठवड्याने चढणीचा पहिला टप्पा. धाप लागेल पण बोलता येईल, गाणे म्हणता येणार नाही, इतपत वेग ठेवायचा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना चढण्यापेक्षा उतरण्याचा त्रास अधिक होतो. त्यांनी सपाट रस्ता धरावा. छातीत दाब, डाव्या हातात वा जबड्यात कळ आल्यास तिथेच थांबून दवाखाना गाठावा. एप्रिल-मेच्या वऱ्हाडी उन्हात सूर्य वर येण्याआधी परतावे.

स्त्रियांचा प्रश्न निराळा आहे. निंदणी-खुरपणीला जाणाऱ्या बाईला व्यायाम सांगणे हा विनोद आहे. तिला विश्रांती आणि डाळ हवी. पण शेती सुटलेली, घरात आठ तास उभ्याने राबणारी गृहिणी दमते खूप, तरी तिचे हृदय जलद चालेल अशी हालचाल दिवसभरात होत नाही. ती एकटी रस्त्यावर चालायला निघाली की चार डोळे वळतात. बचत गटातल्या चौघीजणी मिळून निघाल्या की वळत नाहीत. सोबत असली की गप्पा होतात आणि गप्पांचा मनाला होणारा फायदा चालण्याच्या हिशेबात वरकड म्हणून धरावा.

गोळी, तपासणी आणि थायरॉइड

वजन वाढणे, कोलेस्टेरॉल वाढणे आणि मन उदास राहणे ही तिन्ही लक्षणे एकाच वेळी देणारा एक साधा आजार आहे : थायरॉइड ग्रंथी मंदावणे. स्त्रियांत तो अधिक आढळतो. थंडी सहन न होणे, केस गळणे, बद्धकोष्ठ, पाळीची अनियमितता असेल तर पथ्य सुरू करण्याआधी टीएसएच ही रक्तचाचणी करून घ्यावी. तो दोष असताना केवळ भाकरी कमी करून भागत नाही. मानसिक आजारावरच्या काही औषधांनीही वजन व चरबी वाढते. अशा वेळी औषध परस्पर बंद करणे धोक्याचे, डॉक्टरांकडून बदलून घेणे योग्य.

स्टॅटिनच्या गोळीबाबतही हेच. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांना, बहुतेक मधुमेहींना आणि एलडीएल १९० च्या पुढे असलेल्यांना आहार-व्यायामासोबत गोळी लागतेच. 'टेकडी चढतो, आता गोळी कशाला' हा विचार महागात पडतो. ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर असेल तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. तिथे दारू त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

सरकारी योजनेतील तीस वर्षांपुढील व्यक्तींच्या तपासणीत रक्तदाब, साखर आणि तीन प्रकारचे कर्करोग पाहिले जातात. कोलेस्टेरॉल त्यात नाही. ते वेगळे सांगून करून घ्यावे लागते. मनाच्या तक्रारींसाठी २०१५ पासून बुलडाण्यासह चौदा जिल्ह्यांत राज्याचा 'प्रेरणा प्रकल्प' सुरू झाला, तर ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस'ची १४४१६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा उपलब्ध आहे. तिच्यावर मराठीतून बोलता येते. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत 'विश्राम' या कार्यक्रमाने गावातलेच कार्यकर्ते नेमले, तेव्हा नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले होते. गावात कोणी विचारणारे असले, की लोक सांगतात.

अहवाल वाचताना एक गोष्ट गोंधळात टाकते. वजन भराभर उतरत असताना एचडीएल काही काळ कमी झालेला दिसतो आणि मेहनत उलटी फिरल्यासारखे वाटते. वजन स्थिरावल्यावर तो पुन्हा वर येतो. म्हणून दर पंधरवड्याला लॅबमध्ये धावू नये. वहीत रोज किती मिनिटे चाललो आणि झोप कशी लागली एवढे लिहावे, कमरेचा घेर महिन्यातून एकदा मोजावा. रक्ताची पुढची तपासणी साधारण तीन महिन्यांनी, शक्यतो त्याच लॅबमध्ये करावी. मधल्या काळात मोठा ताप किंवा आजारपण येऊन गेले असेल तर आणखी काही आठवडे थांबावे. आजारपणात कोलेस्टेरॉलचे आकडे आपोआप खाली येतात आणि पथ्याचा गुण आला, असा खोटा भास होतो.